भाड्याच्या घरासाठी एलएलसी काढताय? आधी फ्रँचाइज टॅक्स बघा

कॅलिफोर्नियात भाड्याने द्यायला घर घेतलंत आणि ते एलएलसीच्या (मालकाची जबाबदारी मर्यादित ठेवणाऱ्या कंपनीच्या) नावावर ठेवलंत, तर दरवर्षी ८०० डॉलर फ्रँचाइज टॅक्स (कंपनी ठेवल्याबद्दल राज्य घेतं तो कर) ठरलेला. घर वर्षभर रिकामं राहिलं, तोटा झाला, तरीही! ‘एलएलसी डेलावेअर राज्यात नोंदवा, स्वस्त पडेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. घर कॅलिफोर्नियात आहे म्हटल्यावर तिथले ८०० सुटत नाहीतच, वर डेलावेअरचे ३०० डॉलरही दरवर्षी १ जूनपर्यंत भरावे लागतात. प्रत्येक घराला वेगळी एलएलसी काढली, तर प्रत्येकीचे ८०० वेगळे. दाव्यांपासून संरक्षण हवं म्हणून एलएलसी काढत असाल, तर आधी चांगल्या विम्याचा भाव काढून बघा. आणि घर विकलंत की एलएलसी रीतसर बंद करा, नुसती पडून असली तरी कर लागत राहतो.