सर्व्हरचं नेटवर्क आत्ता चालतंय, पण रीबूटनंतर चालेल का?

कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात, मिरजेच्या एखाद्या हॉस्पिटलात किंवा मार्केट यार्डातल्या अडत पेढीवर ‘आयटीचा माणूस’ म्हणून नव्यानं लागलेल्यांसाठी हे लिहितोय. आयपी, सबनेट मास्क, गेटवे तुम्हाला येतं असं धरतो. येत नसेल तर आधी ते पक्कं करा.

सर्व्हरवर खिडक्या-बटणं असतीलच असं नाही. रेड हॅट, रॉकी किंवा अल्मा लिनक्सचं मिनिमल इन्स्टॉल म्हणजे काळा पडदा. विंडोज सर्व्हर कोअरचंही तेच. म्हणून कमांड लाइनला घाबरून चालत नाही. आणि खरं सांगू का, घाबरण्यासारखं फारसं नाहीच. रोजच्या कामाला चार-पाच कमांड लागतात.

सुरुवात मात्र कमांडनं करू नका, वायरनं करा. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचं नाव ‘ईएनओ१’ असेल तर पोर्ट मदरबोर्डवरचा. ‘ईएनएस१एफ०’ असेल तर स्लॉटमध्ये बसवलेल्या कार्डाचा. हे कागदावर बरोबर आहे, पण रॅकच्या मागं वाकून बघितलं की चार पोर्ट एकसारखेच दिसतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी वाढलं तेव्हा सांगलीत कित्येकांनी सर्व्हर उचलून वरच्या मजल्यावर नेले. आयर्विन पुलाची पातळी ऐकत ऐकत काढलेल्या वायरी परत त्याच पोर्टात गेल्या असतील, ही आशाच सोडा. अशा वेळी ‘इथटूल’ या कमांडला मायनस पी, कार्डाचं नाव आणि ३० असं सांगा. बहुतेक कार्डांवर त्याच पोर्टाचा दिवा ३० सेकंद लुकलुकतो. चिठ्ठी चिकटवा आणि मग पुढं जा.

त्याच ‘इथटूल’ला नुसतं कार्डाचं नाव दिलं की लिंक आहे का आणि वेग किती ते कळतं. गिगाबिट कार्ड १०० मेगाबिटवर अडकलेलं दिसलं तर सेटिंग उकरत बसू नका. तांब्याच्या वायरीवर गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १००ला दोन पुरतात. म्हणजे एखादी जोडी तुटली असण्याची शक्यता मोठी. क्रिंपिंग, म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लग, नव्यानं करा.

आता मुख्य गोष्ट. इथं मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण या एका गोष्टीनं मला जेवढं रडवलं तेवढं दुसऱ्या कशानं नाही.

तासगाव भागातल्या एका बेदाणा कोल्ड स्टोरेजचा सर्व्हर. रात्री लाइट गेली, यूपीएस संपला, सकाळी सर्व्हर आपोआप चालू झाला. पण काउंटरवरच्या एकाही पीसीला तो सापडेना. बाहेर गाड्या उभ्या, पावत्या निघत नाहीत, मालक डोक्यावर उभा. वायर ठीक, दिवा लागलेला, लिंक आहे. फक्त सर्व्हरचा आयपी वेगळाच होता. महिनोन्‌महिने चाललेला पत्ता गेला कुठं? आधीच्या ठेकेदाराच्या माणसानं तो ‘आयपी ॲडर ॲड’ करून दिला होता. ती कमांड पत्ता लावते चालू कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या मेमरीतल्या गाभ्यात, डिस्कवर काहीच लिहीत नाही. सर्व्हर तोवर बंदच पडला नव्हता, म्हणून सगळं सुरळीत दिसत होतं. डिस्कवर साठवलेल्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे कार्डाच्या लिहून ठेवलेल्या सेटिंगमध्ये, मात्र ‘ऑटो’च होतं, त्यामुळं सर्व्हरनं राउटरकडून मिळेल तो पत्ता घेतला. चूक करणारा केव्हाच पुण्याला गेलेला, बोलणी मी खाल्ली. अजून त्या भागात लाइट गेल्याचं कानावर आलं की पोटात गोळा येतो.

तर हे डोक्यात घट्ट बसवा. शेत कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, असं सर्व्हरवर अगदी सहज होतं. कार्डावर आत्ता जे चालू आहे ते कसणं. प्रोफाइलमध्ये जे लिहिलंय तो सातबारा. सर्व्हर चालू असेपर्यंत कसणाऱ्याला कोणी हलवत नाही. रीबूट झाला की नेटवर्क मॅनेजर, म्हणजे लिनक्समधला नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम, फक्त सातबारा वाचतो.

‘आयपी’ आणि ‘इथटूल’ या कमांडनी केलेले बदल चालू स्थितीत होतात आणि रीबूटला पुसले जातात. नेटवर्क मॅनेजरची कमांड ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’ बरोबर उलटं करते. ती डिस्कवर लिहिते, पण चालू कार्डाला हात लावत नाही. बदल केला, तपासलं, जुनाच पत्ता दिसला, म्हणून चिडून ‘आयपी ॲडर ॲड’ मारला आणि दोन्हीकडं वेगवेगळं करून ठेवलं, असं करणारे मी बघितलेत. मॉडिफायनंतर ‘कनेक्शन अप’ किंवा ‘डिव्हाइस रीअप्लाय’ द्यायचं असतं, मगच ते कार्डावर उतरतं. आणि पत्ता घालताना ‘आयपीव्ही४ डॉट मेथड मॅन्युअल’ विसरू नका. मेथड ऑटोच राहिली तर तुमचा पत्ताही लागतो आणि राउटरनं दिलेलाही. एका कार्डावर दोन पत्ते घेऊन सर्व्हर बसतो आणि तुम्ही फायरवॉलला शिव्या देत बसता.

दोन्ही बाजू एकदम बघायच्या असतील तर ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’ आणि पुढं प्रोफाइलचं नाव द्या. वरच्या, लहान अक्षरांतल्या ओळी म्हणजे प्रोफाइलमधलं. खालच्या, कॅपिटल अक्षरांतल्या ओळी म्हणजे कार्डावर आत्ता चालू असलेलं. दोन्ही जुळलं की अर्धी लढाई झाली. उरलेली अर्धी म्हणजे रीबूट. मालकाच्या परवानगीनं, तुम्ही तिथं उभे असताना, दिवसाउजेडी रीबूट करा. ‘कशाला उगाच’ म्हणणारे भेटतील. मी आता त्यांचं ऐकत नाही. रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेतही केलेलं काम रीबूटनंतर टिकलं पाहिजे, अशी अटच आहे.

विंडोजवाल्यांनी हसू नये. ‘नेटएसएच’ या विंडोजच्या कमांडमध्ये पत्ता देताना ‘स्टोअर’ नावाचा पर्याय असतो. तिथं ‘ॲक्टिव्ह’ लिहिलं तर तीच गत होते. काही न लिहिता सोडलं तर पत्ता कायमचा बसतो, म्हणून बहुतेकांना हे कधी कळतच नाही.

सिनिअर लोकांबद्दल एक बोलतो, राग आला तर येऊ दे. भराभर टाइप करून ‘झालं बघ’ म्हणणाऱ्या सिनिअरकडून शिकू नका. प्रत्येक कमांडनंतर त्याला विचारा, ‘सर, रीबूटनंतर राहील ना हे?’ चिडला तर चिडू दे. मला धड शिकवलं ते विश्रामबागेतल्या एका मितभाषी सरांनी. ते कमांड सांगायचेच नाहीत, मॅन्युअलचं पान उघडून द्यायचे. तेव्हा फार राग यायचा.

लांबून काम करताना एकच कडक सूचना: ज्या कार्डावरून एसएसएचनं (लांबून लॉगिन करायच्या सोयीनं) आत आलात, त्याला ‘कनेक्शन डाउन’ देऊ नका. पुढचं ‘अप’ टाइप करायला तुम्ही आत उरत नाही. मग सांगलीहून एसटी पकडायची. सर्व्हरला आयलो किंवा आयड्रॅक (सर्व्हर लांबून हाताळायची स्वतंत्र सोय) असेल तर आधी तिथून लॉगिन होतंय का बघा. उबुंटू सर्व्हरवर नेटवर्कचं सेटिंग बदलताना ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर ते स्वतःच मागं फिरतं. आणि मघापासून ज्याला शिव्या घातल्या तो ‘आयपी ॲडर ॲड’ इथं कामाला येतो. प्रोफाइलला हात लावायचा नाही, १० मिनिटांनी रीबूटचं टायमर लावायचं आणि पत्ता कच्चा बदलून बघायचा. अडकलात तर रीबूट जुनं परत आणतो, जमलं तर टायमर रद्द करून प्रोफाइलमध्ये पक्कं लिहायचं. अर्थात रात्री, कोणी कामावर नसताना.

दोन कार्डं जोडून बाँड करायचा, म्हणजे ती एकच कार्ड असल्यासारखी वापरायची असतील, तर सुरुवातीला ‘ॲक्टिव्ह-बॅकअप’च घ्या, म्हणजे एक कार्ड कामावर आणि दुसरं राखीव. त्याला स्विचवर काही करावं लागत नाही. दोन्ही कार्डं एकदम कामाला लावणाऱ्या एलएसीपीला स्विचच्या बाजूनंही सेटिंग लागतं, आणि आपल्याकडच्या कित्येक ऑफिसातले साधे स्विच ते करतच नाहीत.

सरावासाठी पुण्याला जाऊन महागडा क्लास लावायची गरज नाही. जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका, त्यात रॉकी लिनक्स, आणि त्याला दोन नेटवर्क कार्डं द्या. पत्ता आधी कच्चा लावा, रीबूट करून तो गेलेला बघा, मग पक्का लावा. नंतर बाँड करा, पिंग चालू ठेवा आणि सेटिंगमधली ‘केबल कनेक्टेड’ची खूण एका कार्डाची काढा. पिंग किती वेळ अडखळतो ते मोजून ठेवा. मुलाखतीत बाँडिंगचा प्रश्न आला तर हाच आकडा सांगा.