जहाज बंदरात थांबलंच नाही तर?

सोयाबीन विकून झालं की आमच्या दारव्ह्याकडची काही घरं आता मुंबईहून क्रूझला निघतात. आईवडिलांना नेत असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रात वादळं उठायचेही दिवस आहेत, हे ध्यानात ठेवा. 2017 चं ओखी वादळ लक्षद्वीपवरूनच गेलं होतं.

ठरलेलं बंदर वगळायचं की नाही, हे कॅप्टन ठरवतो. त्यावर वाद घालू नका. कापसानं उंच भरलेली मेटॅडोर वाऱ्यात कशी कलते ते आपण पाहतोच. दहा मजली जहाजालाही वारा तसाच धरतो. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाला तर मोठं जहाज धक्क्याला लागतच नाही, लहान बोटीनं उतरावं लागतं. लाटेवर ती बोट हातभर वर येते, हातभर खाली जाते. तिच्यात पाय टाकायचा क्षण सगळ्यात धोक्याचा. खलाशी म्हणेल तेव्हाच, त्याला मनगट धरू देऊन उतरा. पिशवी पाठीवर, हात मोकळे. म्हाताऱ्यांना जमत नसेल तर जहाजावरच राहू द्या, आग्रह करू नका.

जहाज डुलत असताना एक हात कायम कठड्यावर हवा. दाराच्या चौकटीत बोटं ठेवू नका, जड दार झटक्यात आपटतं. सुरुवातीची लाइफ जॅकेटची कवायत अजिबात चुकवू नका. खोली मधल्या भागात, खालच्या मजल्यावर घ्या, हेलकावे कमी लागतात.

बीपी-शुगरच्या गोळ्या तीन दिवस जास्तीच्या न्या. आणि परतीचं विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट त्याच संध्याकाळचं नको, दुसऱ्या दिवशीचं काढा.