अमेरिकेतलं पहिलं क्रेडिट कार्ड: सोलापुरातून निघण्याआधी एवढं समजून घ्या

तुमचा सिबिल स्कोअर इथे कितीही चांगला असू द्या, अमेरिकेत उतरलात की तुमची पाटी कोरी. तिकडे इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्या (त्यांनाच क्रेडिट ब्युरो म्हणतात) माणसाच्या कर्जाच्या नोंदी ठेवतात, आणि त्यांच्या दप्तरी तुमचं नावच नसतं. मग घरमालक जादा डिपॉझिट मागतो, गाडीचं कर्ज महाग पडतं.

जुळे सोलापुरातून दर वर्षी पोरं एमएसला निघतात. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले आणि मुलगा-सून तिकडेच आहेत, म्हणून आईवडील त्यांना माझ्याकडे पाठवतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मावशी, कार्ड घेतलं नाही तर चालणार नाही का?" कुणाचं देणं नसणं हा आपल्याकडे अभिमानाचा विषय, आणि मलाही तो संस्कार प्रिय आहे. पण किराणा दुकानदार दर पगाराला खातं मिटवणाऱ्याला महिनाभर माल देतो, अनोळखी गिऱ्हाइकाला देत नाही. तिकडच्या बँकेचंही तसंच. आणि व्याजाचा एक पैसा न भरता ही ओळख तयार करता येते, म्हणूनच मी कार्ड घ्या म्हणते.

कॅम्पसवर काम मिळालं की सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिकडच्या सरकारचा ओळख क्रमांक, काढता येतो. तो आल्यावर साधं विद्यार्थी कार्ड मिळतंय का बघा. नाहीच मिळालं तर सिक्युअर्ड कार्ड घ्या. आपल्याकडे एफडीवर कार्ड देतात, तसाच प्रकार. २०० किंवा ५०० डॉलर ठेवायचे, साधारण तेवढीच मर्यादा मिळते. वार्षिक फी नसावी आणि नोंद तिन्ही ब्युरोंकडे जात असावी, एवढं विचारून घ्या. वय २१ च्या आत असेल तर स्वतःचं उत्पन्न दाखवावं लागतं. एकदम चार ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जावर बँक ब्युरोकडे चौकशी करते आणि तिची नोंद दोन वर्षं राहते. अर्जात नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिहा. आपण मधे वडिलांचं नाव लावतो. एकीकडे ते लावलं आणि दुसरीकडे गाळलं की नोंदींचा घोळ होतो.

आता खरी मेख तारखांची. एक तारीख बिल तयार होण्याची, दुसरी पैसे भरण्याची, आणि दोन्हींत किमान २१ दिवस असतात. ब्युरोकडे बहुधा बिलाच्या दिवशीची बाकी जाते. समजा मर्यादा ५०० आहे, बिल १२ तारखेला बनतं आणि तुम्ही कार्डावर ४०० चा किराणा घेतलात. काहीच केलं नाही तर नोंद ८० टक्के वापराची जाईल आणि स्कोअर दबेल. १० तारखेला ३५० भरून टाका. बिल ५० चं येईल, वापर दिसेल १० टक्के. उरलेले ५० मुदतीत भरा. वापर ३० टक्क्यांच्या खाली ठेवा, १० च्या आसपास असेल तर उत्तमच.

पोरं एकमेकांना सांगतात की थोडी बाकी ठेवली की स्कोअर वाढतो. साफ चूक. बाकी ठेवली की फक्त व्याज वाढतं. २४ टक्के दराने ५०० डॉलर थकले आणि तुम्ही महिन्याला २५ च भरत राहिलात, तर फिटायला जवळपास २६ महिने आणि वर सुमारे १४५ डॉलर व्याज. म्हणून ऑटोपे लावताना 'मिनिमम' नको, 'स्टेटमेंट बॅलन्स', म्हणजे पूर्ण बिल, निवडा. खात्यात तेवढे पैसे आहेत ना, तेही बघा. एटीएममधून कार्डावर रोख तर काढूच नका, व्याज त्याच दिवसापासून लागतं.

हप्ता एक-दोन दिवस चुकला तर लेट फी लागते. ३० दिवस उलटले तर मात्र नोंद होते आणि ती सात वर्षं राहते. तिकडे बँका बहुधा बघतात तो फायको स्कोअर ३०० ते ८५० असतो आणि त्यातला ३५ टक्के भाग वेळेवर भरण्याचा, म्हणून मी याबाबत इतकी कडक आहे. पहिला स्कोअर दिसायला साधारण सहा महिने लागतात, तोवर धीर धरा.

रूममेट मिळून सामान आणतात आणि बिल एकाच्या कार्डावर टाकतात. मैत्री असू द्या, पण त्यांचे पैसे बिलाच्या तारखेआधी घ्या. थकलं तर नोंद तुमच्या नावावर होते.

इथलं शैक्षणिक कर्ज नियमित फेडलंत तरी तिकडच्या स्कोअरला त्याचा उपयोग नाही. पण वडील सहकर्जदार असतील तर तुमचा चुकलेला हप्ता त्यांच्या सिबिलवर उमटतो. त्यांना उद्या घराच्या दुरुस्तीसाठी किंवा धाकटीच्या शिक्षणासाठी कर्ज लागेल, तेव्हा अडेल. तो हप्ताही ऑटोवर टाका.

तिन्ही ब्युरोंचे अहवाल अॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर दर आठवड्याला फुकट बघता येतात. अनोळखी खातं दिसलं तर लगेच तक्रार नोंदवा. पुढे मोठी मर्यादा असलेलं कार्ड मिळालं तरी पहिलं बंद करू नका. सिक्युअर्ड असेल तर साधं करून मागा, डिपॉझिट परत मिळतं आणि खात्याचं वयही टिकतं.