पॉयसाँ फिटिंगचं प्रॅक्टिकल कसं सोडवावं

पॉयसाँ वितरण म्हणजे निव्वळ योगायोगाने घडणाऱ्या घटना एखाद्या जागेत किंवा वेळात किती वेळा येतील हे सांगणारं गणित. हातातली आकडेवारी त्याला जुळते का हे तपासणं म्हणजे 'फिटिंग'. हे प्रॅक्टिकल आलं की मुलं तक्त्याच्या वरच्या चार ओळी धडाधड सोडवतात आणि तळाच्या ओळीत घसरतात. जर्नल तपासताना मी हल्ली शेवटची ओळच आधी बघतो. ती बरोबर असली की वरचं बहुतेक वेळा ठीक निघतं.

उदाहरणाला लंडनची आकडेवारी घेऊ. १३ जून १९४४ पासून जर्मनीचे व्ही-१ उडते बॉम्ब लंडनवर पडू लागले. ठरावीक भागांवरच ते जास्त पडतात, असं लोकांना वाटत होतं. आर. डी. क्लार्क यांनी १९४६ साली एका छोट्याशा टिपणात हे तपासलं. दक्षिण लंडनच्या १४४ चौरस किलोमीटर भागाचे त्यांनी पाव-पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडले आणि कोणत्या चौकोनात किती बॉम्ब पडले ते मोजलं. एकूण बॉम्ब ५३७.

| चौकोनातले बॉम्ब | चौकोन (ऑब्झर्व्ड) | एक्स्पेक्टेड |
|---|---|---|
| ० | २२९ | २२६.७४ |
| १ | २११ | २११.३९ |
| २ | ९३ | ९८.५४ |
| ३ | ३५ | ३०.६२ |
| ४ | ७ | ७.१४ |
| ५ व अधिक | १ | १.५७ |

तिसरा रकाना, म्हणजे पॉयसाँप्रमाणे अपेक्षित असलेले चौकोन, तुम्हाला स्वतः काढायचा आहे. मी तो ताळा पाहण्यासाठी दिलाय.

पायरी १. शून्य गृहीतक, म्हणजे जे तपासायचं आहे ते विधान, लिहा. 'आकडेवारी पॉयसाँ वितरणाला अनुसरते.' एवढंच. लॅम्डाची (पॉयसाँच्या सरासरीची) किंमत इथे लिहू नका, ती अजून काढायची आहे.

पायरी २. सरासरी काढा. पहिला खड्डा इथेच आहे. 'पाच व अधिक' दिसलं की हात आपोआप ५ लिहितो. मग बेरीज येते ५३५, आणि दोन बॉम्ब गायब! वरच्या पाच ओळींतले बॉम्ब होतात ५३०. एकूण ५३७ आहेत, म्हणजे त्या एकट्या चौकोनात ७ पडले होते. सरासरी ५३७ भागिले ५७६, म्हणजे ०.९३२३. चार दशांश स्थळं ठेवा. कुणी ०.९ धरून मोकळं होतं, मग पहिल्याच ओळीत २२७ च्या जागी २३४ येतात आणि दोष बिचाऱ्या पॉयसाँला लागतो.

जाता जाता व्हेरियन्सही (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) काढून बघा. तो ०.९६९ येतो. पॉयसाँमध्ये सरासरी आणि व्हेरियन्स सारखे असतात. बॉम्ब खरोखर झुंडीने पडले असते, तर काही चौकोन गच्च भरले असते, बरेच कोरे राहिले असते आणि व्हेरियन्स सरासरीच्या बराच वर गेला असता. दोन मिनिटांचं काम आहे, पण निकाल कुठे झुकणार याचा अंदाज येतो.

पायरी ३. एक्स्पेक्टेड काढा. ई चा उणे ०.९३२३ वा घात ०.३९३७ च्या आसपास येतो. कॅल्क्युलेटरवरची पूर्ण किंमत तशीच ठेवून तिला ५७६ ने गुणा, २२६.७४ मिळतात. पुढच्या प्रत्येक ओळीसाठी फॅक्टोरियल मांडत बसू नका. आधीच्या ओळीला ०.९३२३ ने गुणायचं आणि नव्या ओळीतल्या बॉम्बच्या संख्येने भागायचं: २११.३९ गुणिले ०.९३२३ भागिले २, म्हणजे ९८.५४.

शेवटची ओळ मात्र या सूत्राने काढायची नाही. सूत्र फक्त 'नेमके ५' चं उत्तर देतं, १.३३. आपल्याला पाच आणि त्यापुढचं सगळं हवंय. म्हणून ५७६ मधून वरच्या पाच ओळींची बेरीज वजा करा, १.५७ उरतात. दोन्ही रकान्यांची बेरीज ५७६ यायलाच हवी. नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी ४. पूलिंग. एक्स्पेक्टेड ५ पेक्षा कमी असलेली ओळ शेजारच्या ओळीत मिळवतात. कमी बघायचं ते एक्स्पेक्टेडमध्ये, ऑब्झर्व्डमध्ये नाही. शेवटच्या दोन ओळी मिळून ऑब्झर्व्ड ८, एक्स्पेक्टेड ८.७१. क्लार्क यांनी स्वतः ओळी एकत्र केल्या नव्हत्या. त्यांचं काय-स्क्वेअर (ऑब्झर्व्ड आणि एक्स्पेक्टेड एकूण किती लांब आहेत ते सांगणारा आकडा) १.१७ आलं होतं. पाचाचा नियम हा संकेत आहे, प्रमेय नव्हे. पण परीक्षेत तो पाळा.

पायरी ५. काय-स्क्वेअर. प्रत्येक ओळीतल्या फरकाचा वर्ग करून त्याला एक्स्पेक्टेडने भागा: ०.०२२५, ०.०००७, ०.३११५, ०.६२६५, ०.०५७९. बेरीज १.०२. निम्म्याहून अधिक वाटा '३ बॉम्ब'च्या ओळीचा आहे, हे निष्कर्षाखाली एका वाक्यात नोंदवलंत तर तपासणाऱ्याला बरं वाटतं.

पायरी ६. डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या ओळी किती उरल्या ते. पूलिंगनंतर ओळी उरल्या ५. बेरीज जुळवल्याचा एक गेला, लॅम्डा आकडेवारीतूनच काढल्याचा आणखी एक. उरले ३. प्रश्नातच लॅम्डा दिला असता तर हा दुसरा गेला नसता. ५ टक्के पातळीला काय-स्क्वेअरच्या छापील तक्त्यातली किंमत ७.८१५, आपली १.०२. आपली लहान आहे, म्हणून शून्य गृहीतक नाकारता येत नाही.

निष्कर्षात 'पॉयसाँ सिद्ध झालं' असं लिहू नका. 'शून्य गृहीतक नाकारण्याइतका पुरावा नाही. बॉम्ब योगायोगाने विखुरल्यासारखे पडले असं मानायला हरकत नाही' असं लिहा.

संगणकावर आर (R) हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर एक सावधगिरी. काय-स्क्वेअर टेस्टच्या तयार फंक्शनला तुम्ही लॅम्डा कुठून आणला हे कळत नाही. ते पाचातून एकच वजा करून ४ धरतं आणि पी-व्हॅल्यू (शून्य गृहीतक खरं असताना एवढा किंवा याहून मोठा फरक येण्याची शक्यता) ०.९१ दाखवतं. ३ डिग्रीजना ती ०.८० आहे. इथे निकाल बदलत नाही, पण प्रिंटआउट तसाच जर्नलला चिकटवलात तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्या ४ वरच येतो.