पावसाचे पाणी जिरवून मिळकतकरात सवलत कशी घ्यावी: पुण्यातील सोसायट्यांसाठी

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतील निवासी मिळकतीत रेन वॉटर हार्वेस्टिंग, सौरऊर्जा किंवा गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलत मिळते, हे बहुतेकांच्या कानावर आलेले असते. मात्र ऐकीव माहितीतून एक शब्द हमखास गळतो. ही सवलत संपूर्ण मिळकतकरावर नसून त्यातील सर्वसाधारण करावर असते. बिल उघडून पाहिले तर सर्वसाधारण कराखेरीज सफाई कर, अग्निशमन कर, वृक्षकर, जललाभ कर, मलप्रवाह लाभ कर, शिक्षणकर अशा बऱ्याच ओळी दिसतील. त्या ओळींतून काही वजा होत नाही. त्यामुळे सोसायटीच्या सभेत हा विषय मांडणाऱ्याने आधी आपल्या बिलातील सर्वसाधारण कराची रक्कम पाहावी आणि त्यावरच हिशेब करावा. समजा, एका सदनिकेचा सर्वसाधारण कर ६,००० रुपये आहे. एका प्रकल्पासाठी वर्षाला ३०० रुपये वाचतील, दोन प्रकल्प असल्यास ६००. एका घरापुरती ही रक्कम किरकोळ वाटते, पण चाळीस सदनिकांची मिळून ती १२,००० किंवा २४,००० होते. माझ्या मते या पैशाकडे बचत म्हणून न पाहता प्रकल्पाच्या वार्षिक देखभालीची सोय म्हणून पाहावे. प्रकल्प उभारण्याचा सगळा खर्च सवलतीतून भरून निघेल, असे सभासदांना सांगू नये. ते खरे ठरत नाही आणि दुसऱ्या वर्षी लोक नाराज होतात.

आणखी दोन सवलतींशी हिची गल्लत होते. घरमालक स्वतः राहत असल्यास मिळणारी ४० टक्क्यांची सवलत (जिच्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो) वेगळी, आणि बिल ठरलेल्या मुदतीत भरल्यास मिळणारी सूटही वेगळी. शेजारच्या महापालिकांचे दर आणि अटी निराळ्या असतात, तेव्हा पुण्याचे आकडे तिकडे लावू नयेत.

खर्चाच्या गोष्टी बोलण्याआधी इमारतीत यंत्रणा आधीच आहे का, हे शोधावे. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील बांधकामाला पर्जन्यजल संकलनाची व्यवस्था बंधनकारक आहे, आणि ती न केल्यास किंवा नीट न राखल्यास दर १०० चौरस मीटर बांधीव क्षेत्रामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकारणी करण्याची तरतूद आहे. म्हणून बऱ्याच नव्या इमारतींत बांधकाम व्यावसायिकाने खड्डा खणून, वर झाकण बसवून ठेवलेले असते. पुढे त्यावर फरशी येते, कुंड्या येतात आणि तो सर्वांच्या विस्मरणात जातो. मंजूर नकाशा काढून ती जागा शोधावी. नवा खड्डा खणण्यापेक्षा जुना उपसून चालू करणे केव्हाही स्वस्त.

यंत्रणा नसेल तर गच्चीच्या क्षेत्रफळापासून सुरुवात करावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि बाष्पीभवन व गळती यांपोटी पाचवा हिस्सा सोडून दिला, तर ४०० चौरस मीटरच्या गच्चीवरून सव्वादोन लाख लिटरच्या आसपास पाणी मिळते, म्हणजे दहा हजार लिटरचे बावीस टँकर. अर्थात जमिनीत सोडलेले सगळेच पाणी आपल्या बोअरवेलमधून परत येत नाही. काही शेजाऱ्याच्या बोअरला लागते, काही नाल्याकडे जाते. तरीही ज्या सोसायटीत एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावे लागतात, तिथे खरी बचत कराच्या बिलापेक्षा टँकरच्या बिलात दिसण्याचा संभव अधिक.

पाणी मुरवण्याची पद्धत ठरवताना पुण्याची जमीन विसरू नये. येथे मातीच्या आणि मुरमाच्या थराखाली काळा पाषाण लागतो, आणि अखंड कातळात खणलेला शोषखड्डा पहिल्याच जोरदार पावसात भरून तसाच तुंबून राहतो. मुरमाचा थर पुरेसा जाड असेल तर खड्डा चालतो. नसेल तर बोअरवेलद्वारे पुनर्भरण करावे, म्हणजे गच्चीचे पाणी बोअरमधून खोल जमिनीत सोडावे, कारण पाणी खडकातील भेगांपर्यंत पोहोचले तरच ते साठते. कोणती पद्धत घ्यावी हे प्लंबरच्या अंदाजावर न सोडता भूजलतज्ज्ञाला जागा दाखवून विचारावे. या एका ठिकाणी काटकसर महागात पडते. बोअरमध्ये गाळल्याशिवाय पाणी कधीही सोडू नये. गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपला पहिल्या पावसाचे धुळीचे पाणी बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह बसवावा, त्यानंतर खडी, वाळू आणि कोळसा यांच्या थरांची गाळणी असावी. मैलापाण्याची टाकी किंवा ड्रेनेजची वाहिनी जवळ असल्यास पुनर्भरणाची जागा बदलावी. पार्किंगमधले, गाड्या धुतल्यानंतरचे तेलकट पाणी पुनर्भरणाच्या वाहिनीत येता कामा नये.

काम सर्वसाधारण सभेत ठराव करून, खर्चाला मंजुरी घेऊन सुरू करावे, आणि खड्डा बुजण्याआधी, गाळणी बसवताना, पाइप जोडताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवावे. नंतर जमिनीखालचे काही दाखवता येत नाही. काम पूर्ण झाल्यावर महापालिकेच्या करआकारणी व करसंकलन विभागाकडे सोसायटीच्या नावे अर्ज द्यावा. कराचे बिल प्रत्येक सदनिकेचे स्वतंत्र असल्यामुळे अर्जासोबत सर्व सदनिकांच्या मिळकत क्रमांकांची यादी जोडणे अगत्याचे आहे. यादीत एखादा क्रमांक राहिला किंवा एक आकडा चुकला, तर त्या सभासदाची सवलत अडकते आणि ठपका सचिवावर येतो. ठरावाची प्रत, काम करणाऱ्याचा दाखला, देयके आणि छायाचित्रे तयार ठेवावीत, आणि अर्जाच्या स्थळप्रतीवर (आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर) पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.

प्रकल्प प्रत्यक्ष चालू असणे ही सवलतीची मूळ अट आहे. पाहणीत तो बंद आढळल्यास सवलत काढून घेतली जाऊ शकते. तेव्हा दरवर्षी मृग नक्षत्र लागण्यापूर्वी गच्ची झाडून घ्यावी, गाळणीतील वाळू धुवावी किंवा बदलावी, झाकणे उघडून गाळ काढावा आणि त्या दिवसाची नोंद व छायाचित्र सोसायटीच्या वहीत ठेवावे. पाहणीला कोणी आले तर ही वही पुढे करता येते.

एप्रिलनंतर नवे बिल हातात आले की आधी सवलतीचा रकाना पाहावा. तो कोरा असेल तर बिल भरण्याची मुदत संपण्याआधीच पोच असलेली स्थळप्रत घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जावे आणि दुरुस्तीचा लेखी अर्ज द्यावा.