शहराचा जुना गाभा पायी कसा पाहावा

एखाद्या शहराच्या मध्यवर्ती जुन्या भागात पहिल्यांदा जाणारा माणूस बहुधा स्मारकांची यादी हातात घेऊन निघतो आणि एका स्मारकाकडून दुसऱ्याकडे जाताना मधला रस्ता नुसते अंतर म्हणून तुडवतो. माझ्या मते जुन्या वस्तीत सर्वांत आधी पाहावा तो हा मधला रस्ताच. घरे जळतात, खचतात, पाडली जातात आणि पुन्हा बांधली जातात. रस्त्याची रेषा मात्र सहसा हलत नाही, कारण तिच्या दोन्ही अंगांच्या जमिनी वेगवेगळ्या मालकांच्या असतात आणि त्या सर्वांना एकाच वेळी मागे सरकवणे कोणत्याही राजवटीला सोपे जात नाही. १६६६ च्या आगीत लंडनचा मोठा भाग भस्मसात झाल्यावर सरळ, रुंद रस्त्यांचे आराखडे मांडले गेले, पण शहर पुन्हा उभे राहिले ते बहुतांशी जुन्याच रस्त्यांवर. घरे तेवढी बदलली, कारण १६६७ च्या कायद्याने ती लाकडाऐवजी विटांची किंवा दगडाची बांधणे बंधनकारक केले.

म्हणून आदल्या संध्याकाळी अर्धा तास काढून नकाशा नीट वाचावा. जुन्या भागाला वळसा घालणारा रुंद रस्ता किंवा बागांचा पट्टा दिसला, तर तेथे पूर्वी तटबंदी असण्याची शक्यता मोठी असते. व्हिएन्नाची तटबंदी पाडण्याचा आदेश १८५७ मध्ये निघाला आणि तिच्या जागी झालेला वर्तुळाकार राजमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. आजही नकाशावर जुने शहर त्याच वळशाच्या आत बसलेले दिसते. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटचे नाव डच वसाहतीने १६५३ मध्ये उभारलेल्या तटाची आठवण सांगते. रोममधील पियाझ्झा नाव्होना हा चौक इतका लांबट आणि एका टोकाला गोलाकार का, याचे उत्तर त्याच्या खाली आहे: सम्राट डोमिशियनने पहिल्या शतकात बांधलेल्या क्रीडांगणाच्या पायावर पुढची घरे चढत गेली आणि मधले मैदान मोकळे राहिले. याउलट, गुंतागुंतीच्या बोळांशेजारी अचानक काटकोनात छेदणारे रस्ते आले, तर तेथे काहीतरी एकदम घडले, असे समजावे. लिस्बनमध्ये १७५५ च्या भूकंपानंतर बाइशा हा सखल भाग आखीवरेखीव बांधला गेला, तर शेजारच्या टेकडीवरील अल्फामा बऱ्याच अंशी वाचल्यामुळे त्याचे बोळ पूर्वीसारखेच वाकडेतिकडे राहिले. नकाशावर खुणा तीनच कराव्यात: सर्वांत उंच जागा, मुख्य बाजारचौक आणि नदीकडे किंवा वेशीकडे जाणारी वाट. एवढ्या तीन खुणा डोक्यात असल्या की माणूस चुकला तरी हरवत नाही.

वेळेची निवड स्थळांच्या निवडीपेक्षा महत्त्वाची आहे. शक्यतो सकाळी, दुकाने उघडण्यापूर्वी निघावे. तिरप्या उन्हात कोरीव काम, विटांचे सांधे आणि भिंतींवरच्या पुसट अक्षरांच्या कडा उठून दिसतात. दुपारी डोक्यावर आलेल्या उन्हात हे सारे सपाट होते. शिवाय सकाळच्या वेळी रस्ता रहिवाशांचा असतो: माल उतरवला जातो, मुले शाळेला निघतात, कोणी उंबरा धूत असते. दुपार संग्रहालये, प्रार्थनास्थळे आणि विश्रांतीसाठी ठेवावी, आणि सकाळचाच रस्ता दिवे लागल्यावर पुन्हा एकदा चालावा. साप्ताहिक सुटी आणि प्रार्थनेच्या वेळा आधी पाहून ठेवल्या की बंद दरवाजासमोर उभे राहण्याची पाळी येत नाही.

एका दिवसासाठी फार मोठा भाग घेऊ नये. मुख्य रस्त्याने जावे आणि त्याला समांतर असलेल्या मागच्या गल्लीने परतावे, कारण समोरचा रस्ता शहराने दाखवण्यासाठी राखलेला असतो आणि रोजचे कामकाज मागे चालते. रस्त्यांच्या नावांकडे लक्ष असू द्यावे. लिस्बनमध्ये सोन्याचा, चांदीचा आणि चांभारांचा असे रस्ते आहेत; रोममध्ये एक रस्ता जपमाळा करणाऱ्यांच्या नावाने ओळखला जातो. व्यवसाय गेले तरी अशा पाट्यांवरून कोणता कारागीर कोणाच्या शेजारी बसत असे, हे जुळवता येते. मोरोक्कोतील फेझसारख्या शहरात गल्ली अरुंद होत गेली, दुकाने संपली आणि केवळ बंद दारे उरली, की आपण सार्वजनिक वाटेवरून काही कुटुंबांच्या सामाईक अंगणासारख्या जागेत शिरलो आहोत हे ओळखावे आणि तेथून शांतपणे मागे फिरावे.

आता इमारतींकडे वळू. तळमजला पुन्हा पुन्हा बदलतो, कारण दुकानाच्या काचा आणि पाट्या प्रत्येक नव्या मालकाबरोबर नव्या होतात. जुने जे काही टिकते ते पहिल्या मजल्यापासून वर. म्हणून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून वर पाहण्याची सवय लावावी. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांकाठच्या घरांच्या शिखरापाशी एक आडवी तुळई आणि तिला आकडा दिसतो. घरे अरुंद, जिने त्याहून अरुंद, त्यामुळे माल आणि सामानसुमान दोराने बाहेरून वर ओढून खिडकीतून आत घेत असत. अनेक दर्शनी भिंती थोड्या पुढे झुकलेल्या आहेत, त्यामुळे वर चढणारे ओझे भिंतीवर आपटत नाही. तेथेच काही दारांवर कोरलेले रंगीत दगड आढळतात. घरांना क्रमांक नव्हते तेव्हा पत्ता सांगण्याची ती रीत होती. प्रागच्या नेरुदोव्हा रस्त्यावर दोन सूर्य, तीन व्हायोलिने अशी घरांची चिन्हे अजून शाबूत आहेत, आणि तेथे घरांना क्रमांक देण्याची पद्धत १७७० मध्ये सुरू झाली.

वर पाहून झाले की खालीही पाहावे. उंबरा रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली गेला असेल, तर घर खचले असेलच असे नाही. शतकानुशतके राडारोडा आणि फरसबंदीचे थर चढून रस्ताच वर आलेला असतो. मोठ्या दरवाजाच्या दोन्ही कोपऱ्यांशी बसवलेले ठेंगणे, गोलसर दगड गाड्यांच्या चाकांपासून चौकट वाचवण्यासाठी असतात, आणि त्यांच्यावर चाकांनी घासून पडलेल्या खाचा बोटांना जाणवतात. इंग्लंडमधील जुन्या घरांच्या बुजवलेल्या खिडक्या पाहून १६९६ ते १८५१ या काळात तेथे खिडक्यांवर कर होता, ही माहिती लगेच सांगितली जाते. पण प्रत्येक बंद खिडकीचे कारण तेच नसते. काही खिडक्या केवळ दर्शनी भागाची समतोल रचना साधण्यासाठी मुळातच आंधळ्या बांधलेल्या असतात. भरावाच्या विटा भोवतालच्या भिंतीपेक्षा वेगळ्या असतील, तर ती मागाहून बुजवली असण्याचा संभव अधिक. अशी छोटी तपासणी स्वतः करून पाहण्यात जो आनंद आहे, तो माहितीफलक वाचण्यात नाही.

जुने दिसते ते सगळे जुने असते, असेही धरून चालू नये. वॉर्साचा जुना भाग १९४४ मध्ये जवळजवळ पूर्णपणे उद्ध्वस्त झाला होता. युद्धानंतर तो पुन्हा बांधताना अठराव्या शतकातील चित्रकार बेलोत्तो याने काढलेल्या शहरदृश्यांचाही आधार घेण्यात आला आणि १९८० मध्ये या पुनर्बांधणीलाच जागतिक वारशाचा मान मिळाला. बार्सिलोनाच्या गॉथिक वस्तीत दोन इमारतींना जोडणारा जो नक्षीदार पूल असंख्य छायाचित्रांत दिसतो, तो १९२८ मधला आहे. हे कळल्यावर काहींचा विरस होतो. मला तो योग्य वाटत नाही, कारण लोकांनी गमावलेले पुन्हा उभारणे हाही त्या शहराच्या इतिहासाचाच भाग आहे. मात्र प्रत्येक वास्तूबाबत ती केव्हा बांधली आणि केव्हा दुरुस्त केली, हे दोन्ही प्रश्न विचारावेत.

हा भाग कोणाचे तरी घर आहे, याचे भान सतत ठेवावे लागते. खिडकीतून आत कॅमेरा रोखू नये, माणसांचे आणि विशेषतः मुलांचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि गटाने जाताना बोळाची तोंडे अडवू नयेत. चाकांच्या बॅगा दगडी फरशीवरून पहाटे ओढत नेल्या की सारी गल्ली जागी होते. अशा वेळी बॅग उचलून न्यावी. व्हेनिसने २०२४ पासून ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांना प्रवेशशुल्क लावले आहे, यावरून अशा वस्त्यांवरचा ताण किती वाढला आहे हे लक्षात यावे. शक्य असेल तर तेथे एक रात्र मुक्काम करावा आणि रहिवाशांच्या रोजच्या गरजा भागवणाऱ्या दुकानांतून खरेदी करावी.

पायात जाड, न घसरणाऱ्या तळव्यांचे बूट असावेत, कारण झिजलेली फरशी पावसात फार निसरडी होते. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी बरोबर असेल, तर चढ आणि पायऱ्या टाळणारी वाट आधीच विचारून ठेवावी.

शहराचे संग्रहालय पहिल्याच दिवशी पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी ते चालून झाल्यावर पाहावे असे सुचवेन. रस्ते पायाखालून गेलेले असले की तेथील नकाशे आणि प्रतिकृती आपल्याशी बोलू लागतात. प्रागच्या शहर संग्रहालयात ग्रंथालयातील एक कर्मचारी अंटोनिन लांगवाइल याने १८२६ ते १८३७ या काळात पुठ्ठ्यातून घडवलेली जुन्या शहराची प्रतिकृती आहे, आणि तिच्यात दोन हजारांहून अधिक इमारती आहेत. ज्यूंच्या वस्तीतील बहुतेक घरे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या पाडकामात नाहीशी झाली, पण त्या पुठ्ठ्यात ती खिडक्यादारांसकट दिसतात. अशा प्रतिकृतीसमोर आपण चाललेली एखादी गल्ली शोधावी, तिथल्या बदललेल्या घरांची टिपणे घ्यावीत आणि वेळ असेल तर ती टिपणे घेऊन त्या गल्लीत पुन्हा एक फेरी मारावी.