चिऊचं घर चंद्रपूरला नेलं तर? मुलांना गोष्ट उलगडायला शिकवताना

गोष्ट सांगून संपली की आपल्या तोंडून प्रश्न निसटतोच: "मग यातून काय शिकलास?" पोरंही बेरकी असतात. "नेहमी खरं बोलावं" किंवा "आळस करू नये" असं काहीतरी ठोकून देतात आणि खेळायला पळतात. गोष्ट कुठलीही असो, यातलं एखादं उत्तर खपून जातं.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या वहीत थीम, कॅरेक्टर, सेटिंग आणि प्लॉट अशा चार चौकटी असतात. मराठीत त्यांना आशय, पात्रं, स्थळकाळ आणि कथानक म्हणू. चौकटी भरणं अवघड नसतं. पण चौकटी भरणाऱ्या मुलाला "कावळ्यानं त्याच रात्री दार का ठोठावलं?" असं विचारलं, तर ते बरेचदा गप्प बसतं. म्हणून सात ते अकरा वर्षांच्या मुलांबरोबर बसते तेव्हा मी क्रम उलटा ठेवते. आशय सगळ्यात शेवटी.

गोष्ट तोंडपाठ असलेलीच घ्या. नवी गोष्ट असली की मुलं 'पुढे काय झालं' यातच गुंतून राहतात. माझी ठरलेली गोष्ट चिऊ-काऊची. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं आणि कावळा चिऊताईचं दार वाजवतो.

आधी जागा हलवा

"ही गोष्ट कुठे घडते?" असं विचारलं तर "झाडावर" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा गोष्ट उचलून दुसरीकडे ठेवा. "समजा, हे जुलैतल्या कोकणात न घडता मे महिन्यातल्या चंद्रपुरात घडलं, तर?"

चंद्रपूरचा मे म्हणजे पारा पंचेचाळिशीपार. मधमाश्यांचं मेण वितळतं 62 ते 64 अंश सेल्सिअसला, पण मऊ पडायला लागतं त्याच्या कितीतरी आधी. उन्हात तापलेल्या फांदीवर चिऊताईच्या भिंती वाकतील, छप्पर खाली बसेल. शेणाचं घर मात्र वाळून कडक होईल. मग कोण कुणाचं दार वाजवणार? हे मुलांना सांगू नका, त्यांनाच पोहोचू द्या. पोहोचली की ती अक्षरशः ओरडतात: "मग चिऊच काऊकडे जाईल!"

जागा किंवा ऋतू बदलून पाहायचा. गोष्ट तशीच राहिली तर ती जागा नाटकाच्या मागच्या पडद्यासारखी होती. गोष्ट उलटीपालटी झाली तर जागाच गोष्ट चालवत होती. मग वेळही बदलून बघा. कावळा भर दुपारी आला असता तर?

पात्रांसाठी एकच शब्द: कशावरून?

"चिमणी कशी आहे?" या प्रश्नाला 'चांगली', 'हुशार', 'प्रेमळ' अशी विशेषणं येतात. येऊ द्या. प्रत्येक विशेषणाला विचारायचं, "कशावरून?" ती काय म्हणाली, तिनं काय केलं, ते गोष्टीतून दाखवता आलं तर विशेषण राहील, नाहीतर खोडायचं. पाटीवर दोन रकाने पुरतात: 'बोलली' आणि 'केलं'. दोन्हींत फरक दिसला की तिथे थांबायचं. मजा तिथेच असते.

चिमणी 'नाही' म्हणतच नाही. ती म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, अंग पुसते. थांब, तीट लावते. बोलण्यात नकार नाही, पण दार बंदच. एका मुलीनं चिमणीला 'दुष्ट' म्हटलं. दुसरी लगेच उसळली, "दुष्ट नाही, घाबरलीय. कावळे अंडी खातात, पिल्लंसुद्धा." निरीक्षण खरं आहे, कावळे इतर पक्ष्यांची घरटी लुटतात. पण हे ज्ञान अंगणातलं, गोष्टीतलं नाही. म्हणून मी विचारलं, "गोष्टीत कुठे दिसतं ते?" ती जरा थांबली. मग म्हणाली, "म्हणूनच ती सारखं बाळाचंच नाव काढते ना!"

इतकी वर्षं ही गोष्ट सांगून मला ते सुचलं नव्हतं.

कथानक: चिठ्ठ्या करा, एक काढून घ्या

इथे म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट जास्त उपयोगी पडते, कारण तिच्यात एका गोष्टीमुळे दुसरी घडते. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाघ अडवतो, ती म्हणते, आधी लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होते, मग मला खा. परत येताना ती भोपळ्यात बसते.

पाच-सहा घटना वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा, पिसा, मुलांना क्रमाने लावू द्या. हे सोपं असतं, त्यात फार वेळ घालवू नका. मग दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये जोडशब्द ठेवायला सांगा: 'आणि मग', 'म्हणून' किंवा 'पण'. सगळीकडे 'आणि मग' बसत असेल तर ती घटनांची यादी झाली. 'म्हणून' आणि 'पण' दिसू लागले की कथानक हाती लागलं.

आता एक चिठ्ठी काढून घ्या. जातानाची वाघाची भेट काढली तर भोपळ्याची गरजच उरत नाही. हाच खेळ चिऊ-काऊवर करा: तीनपैकी एक 'थांब' काढा. गोष्ट मोडत नाही, पण ऐकताना काहीतरी हुकल्यासारखं वाटतं. पहिली चिठ्ठी कारणासाठी होती, दुसरी तालासाठी. आठ वर्षांच्या मुलांनाही हा फरक कळतो, फक्त तो आपल्या शब्दांत सांगायला जरा वेळ लागतो.

आणि आता आशय

मुलं आधी एक शब्द देतात: घर, पाऊस, शेजार. तो झाला विषय. मग आज्ञा येते: "शेजाऱ्याला मदत करावी." ते तात्पर्य. दोन्ही फळ्यावर लिहून घ्या आणि पुढे विचारा, "पण ही गोष्ट चिऊ-काऊंबद्दल, माणसांबद्दल काय दाखवते? 'करावं', 'करू नये' न वापरता सांग." आमच्याकडे एकदा आलेलं वाक्य होतं, "भीती वाटते तेव्हा दार उशिरा उघडतं." वाक्य आलं की पुन्हा 'कशावरून?' गोष्टीतल्या निदान दोन जागा दाखवता आल्या पाहिजेत.

या गोष्टीचा एक फायदा म्हणजे तिचा शेवट घरोघरी वेगळा. कुठे कावळ्याला तापल्या तव्याचा चटका बसतो, कुठे तो आत शिरून चिमणीचा खाऊ फस्त करतो. दोन्ही शेवट सांगा आणि मघाचं वाक्य दोन्हींना लावून बघायला सांगा. शेवट बदलला की वाक्यही हलतं. तुमच्या आजीचा शेवट तिसराच असेल, तर तोही घ्या.

इथे मोठ्यांची खरी परीक्षा असते. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजा, आपलं उत्तर पुढे करू नका. लिहायचा कंटाळा असेल तर चित्र काढू द्या. आणि हे सगळं एका बैठकीत उरकू नका. एका संध्याकाळी एक धागा, चारही झाले की मग मुलांनी कधीच न ऐकलेली गोष्ट घ्या.

परवा भाचीला हीच गोष्ट पाचव्यांदा सांगत होते. दार वाजेपर्यंतही पोहोचले नव्हते, तेवढ्यात तिनं अडवलं. "मावशी, सगळं मेण चिऊनंच घेतलं होतं का?"